फिटरमास्तर

दहावीचा निकाल लागला की कुरुंदवाडात दोन प्रकारची पोरं दिसेनाशी होतात. एक नापास झालेली आणि दुसरी फिटरमास्तरांच्या गल्लीत राहणारी. नापास झालेली चार दिवसांत माघारी येतात. मास्तरांच्या गल्लीतल्यांना मात्र अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंत मागच्या बोळातून ये-जा करावी लागते. पुढच्या रस्त्याला कट्ट्यावर मास्तर बसलेले असतात आणि पेढे वाटायला निघालेला पोरगा त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"ये हिकडं. दाखव."

पोरगा खिशातून मार्कांचा कागद काढतो.

"ते ठेव आत. हात दाखव."

मग तपासणी सुरू होते. मास्तर पंजा उलथापालथा करून बघतात, अंगठ्याच्या मुळाशी दाबतात, मूठ आवळायला लावतात, बोटं ताणून धरायला लावतात. हस्तरेषांवर त्यांचा विश्वास नाही, हातावर आहे. निकाल जागच्या जागी. "वायरमन. बोटं लांब हाइत, जंक्शन बॉक्सात जातील." "ह्यो टर्नर. घाई करत न्हाई." एखाद्याचा पंजा धरून बराच वेळ गप्प बसतात आणि सुस्कारा टाकून म्हणतात, "कोपा." कोपा हा आयटीआयतला कॉम्प्युटरचा एक वर्षाचा ट्रेड. ज्या हाताकडून मास्तरांची काही अपेक्षा उरलेली नाही, त्याची सोय ते तिथं लावतात. पोराला ब्याण्णव टक्के पडलेत, तो लातूरला नीटच्या क्लासला जायचाय, असं त्याची आई दारातूनच ओरडून सांगते. मास्तर शांतपणे ऐकून घेतात. "पडूदेत की," म्हणतात, "मार्क काय, पडतातच."

मास्तरांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गावाला त्याची गरज पडलेली नाही. सरकारी आयटीआयत फिटर ट्रेडचे निदेशक म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त होऊन गावी आले, पण आले ते वर्कशॉप सोबत घेऊनच. लोकांच्या खिशाला पेन असतं, मास्तरांच्या खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी. तुम्ही बोलत असता तेव्हा ते तुमच्याकडं बघत नाहीत, तुमच्या मागच्या चौकटीकडं बघतात. चौकट ओळंब्यात नसेल तर तुमच्या बोलण्यात त्यांचं लक्ष लागत नाही. लग्नाला गेले की नवरा-नवरी नंतर, आधी मांडवाच्या पाइपांचे जोड. सत्यनारायणाला गेले की देवाचा कललेला फोटो दिसतो आणि आरती संपेपर्यंत कसाबसा दम धरतात. आमच्या गावात काही मशिदींत गणपती बसतो. त्याचं कौतुक करायला बाहेरगावचे पत्रकार येतात, कॅमेरेवाले येतात. मास्तरही न चुकता सगळीकडं जातात, पण ते अर्थिंग बघायला. "दोन्ही देव पावतील," म्हणतात, "पण अर्थिंग न्हाई म्हटल्यावर करंट काय जात बघतोय व्हय?"

एखाद्या पोराला खरंच हौस असेल तर मास्तर त्याला परसात नेतात. तिथं पत्र्याची शेड, एक जाड टेबल आणि त्यावर व्हाइस. व्हाइसमध्ये चार बोटं रुंदीचा लोखंडाचा तुकडा आवळून देतात आणि हातात कानस. "सपाट कर." एवढाच अभ्यासक्रम. कानशींतल्या जाड दातांच्या एका जातीला बास्टर्ड म्हणतात. मास्तर मोकळ्या आवाजात "ती बास्टर्ड घे, ही बास्टर्ड नको" असं शिकवायला लागले की शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शिकवणीची खिडकी धाडकन लागते.

सपाट करणं हे बघणाऱ्याला सोपं वाटतं. डावा पाय पुढं, वजन दोन्ही हातांवर, पुढं जाताना दाब, मागं येताना कानस नुसती सरकवायची. पुढं जाताना उजवा हात जरा खाली गेला की कानस झोका खाते, कडा जास्त खाल्ल्या जातात आणि मधे पोट राहतं. हे पोट डोळ्यांना दिसत नाही. पोरगा घामाघूम होऊन तुकडा आणतो, तर मास्तर त्यावर गुण्या आडवा ठेवतात आणि दोन्ही उजेडाकडं धरतात. गुण्याच्या पात्याखालून केसाएवढी प्रकाशाची रेघ निसटते.

"काय दिसालंय?"

"उजेड."

"मग?"

जगात माणसाला उजेड दिसला की बरं वाटतं. मास्तरांकडं उजेड दिसला की पहिल्यापासून. बहुतेक पोरं तिसऱ्या दिवशी आजोळी जातात. जी टिकतात त्यांना मास्तर बक्षीस म्हणून खिद्रापूरला नेतात.

खिद्रापूरचं कोपेश्वर बघायला लांबून माणसं येतात. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं देऊळ. स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर छताच्या जागी मोकळं गोल आभाळ. सगळे त्या आभाळाखाली उभं राहून वर बघत फोटो काढतात. मास्तर पाय दुमडून खांबाच्या बुडाशी बसतात आणि नखानं खाच न् खाच चाचपतात. गोल खांबाला एकाखाली एक कंगोरे, सगळे एका मापाचे. खिशातली पट्टी निघते. "बाराव्या शतकात लेथ कुठनं आणला सांग." पोरगा म्हणतो, हातानं केलं असंल. मास्तरांना हेच हवं असतं. "हातानं दगूड गोल झाला, आणि तुला चार बोटांचं लोखंड सपाट हुईना व्हय?" एका गाइडनं एकदा मास्तरांना विचारलं होतं, आजोबा, शिल्पं नाही बघितली? मास्तर म्हणाले, बघितली की, पण त्याला टॉलरन्स नसतोय.

पोरांचा प्रश्न अशा रीतीनं सुटतो. खरा प्रश्न आयांचा. आयटीआय म्हणजे कमी मार्कवाल्यांचं, ही गोष्ट कुरुंदवाडात कुणी कुणाला सांगावी लागत नाही. तिथं मास्तर इतिहास काढतात. "कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं आडनाव काय, ठाव हाय? मेस्त्री. कुठल्या कॉलेजात गेलेले? स्वतःच्या हातानं कॅमेरा केला आणि त्यावर १९२० ला 'सैरंध्री' काढला." आई म्हणते, ते शिणेमातलं झालं. मास्तर जवळ येतात. "मिरजेचं घ्या. शिकलगार म्हंजे तलवारीला धार लावणारी माणसं. तलवारीचे दिवस गेले म्हणून रडत बसली न्हाईत. फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे करायला घेतले, आणि आज मिरजेच्या सतारीला जीआय मानांकन हाय." आई जरा चिंतेत पडते. पोराला तंबोरा करायला पाठवायचा विषय कधी निघाला ते तिला कळत नाही. मास्तरांना वाटतं, आता लोखंड तापलंय. "लांब कशाला? विष्णुपंत छत्रे. आपल्याच कुरुंदवाडच्या राजांच्या पदरी घोडी शिकवायचे. हाताला कसब होतं म्हणून १८८० ला अख्ख्या देशात नाव काढलं."

"काय काढलं त्यांनी?"

"सर्कस."

आई पोराचा हात धरून उठते.

आया चुकीच्या आहेत, असं मला सरसकट म्हणवत नाही. या भागातल्या बाईनं इचलकरंजीच्या मागावर बारा-बारा तास उभा राहणारा दीर बघितलेला असतो. त्याला आता हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागते. औद्योगिक वसाहतीत ॲप्रेंटिसचं वर्ष संपल्यावर कंत्राटदाराच्या हजेरीवर लागलेला आणि दर सहा महिन्यांनी नव्यानं लागणारा भाचा बघितलेला असतो. कसब हाताला आहे, पण हात कुणाच्या हजेरीवर आहे, हे ती विचारते, आणि इथं मास्तरांचा इतिहास संपतो. ते खिशातली पट्टी काढून पुसायला लागतात. मात्र हीच बाई तिशी ओलांडलेल्या थोरल्याला पाचव्यांदा एमपीएससीला बसवते, अभ्यासिकेचे पैसे भरते आणि विचारणाऱ्याला "तयारी करतोय" असं ताठ मानेनं सांगते. तयारी करणाऱ्याला गावात जो मान आहे तो काम करणाऱ्याला नाही. हे मला अजून उलगडलेलं नाही, आणि मास्तरांना तर नाहीच नाही.

पण मास्तरांचा खरा पराभव झाला तो लग्नाच्या बैठकीत.

त्यांचा एक जुना विद्यार्थी पाइपाचं वेल्डिंग करतो. रिफायनरीत, बॉयलरवर, कुठं कुठं. पगार असा की मास्तरांनी त्याच्यापुढं स्वतःच्या पेन्शनचा आकडा कधी उच्चारला नाही. पोराला मुली सांगून येईनात. शेवटी शिरोळच्या बाजूचं एक स्थळ आलं तेव्हा पोराच्या बापानं, अनुभवी माणूस म्हणून, मास्तरांना बरोबर नेलं. वाटेत बापानं बजावलं होतं की विचारलं तर फॅब्रिकेशन लाइनला आहे म्हणायचं. पोहे झाले. मुलीच्या चुलत्यानं विचारलं, मुलगा काय करतोय?

"वेल्डर हाय," मास्तर म्हणाले. "सिक्स-जी."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला. बेअरिंग खराब होतं, हे मास्तरांनी नंतर आम्हाला आवर्जून सांगितलं. कुणी काही बोलेना तेव्हा मास्तरांना वाटलं, लोकांना सिक्स-जी कळलं नसावं. म्हणून त्यांनी समजावलं. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका घट्ट बसवलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरनं भोवती फिरायचं. वरून, बाजूनं, खाली वाकून, उताणं होऊन, आणि जोड सगळीकडं सारखा. मग त्याची तपासणी कशी? नुसती नजरेनं नाही. असं म्हणून मास्तरांनी पिशवीतून मोठं खाकी पाकीट काढलं आणि पाकिटातून एक्स-रेची फिल्म. त्या पोराच्या पहिल्या पास झालेल्या जोडाची होती ती. वर्षानुवर्षं मास्तरांनी कपाटात जपलेली. ती त्यांनी खिडकीसमोर धरली. काळ्या फिल्मवर एक सरळ पांढुरका पट्टा.

कोपऱ्यातल्या आजी पुढं सरकल्या. "अगं आई! कुठं मोडलंय?"

"मोडलं न्हाई, आजी. तेच तर दाखवालोय. एक भोक न्हाई, कचरा न्हाई."

"मग फोटू कशाला काढला? दुखतंय म्हणल्याबगार काढतंय व्हय कोण?"

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, पण तोवर चुलत्यानं पोराला हळूच विचारलं होतं की वेल्डिंगच्या धुरानं छातीला काही होतं का. मुलीच्या आईनं चहाचे कप गोळा केले. "कळवतो," असं दारात म्हणाले. अजून कळवलेलं नाही. परतीच्या वाटेवर पोराचा बाप मास्तरांशी एक अक्षर बोलला नाही. मास्तर मात्र फिल्म पुन्हा पाकिटात घालताना एवढंच म्हणाले, "जोड एक नंबर होता, पण बघायची नजर नको?"

गावाला ही नजर येते ती पुरानंतर. दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेलं गाव. २००५ ला पाणी आलं, तेव्हा लोकांनी भिंतीवर रेघा मारून ठेवल्या. २०१९ ला त्या रेघा पाण्याखाली गेल्या. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. नदीकाठच्या शेतकऱ्याला पाणी चढायला लागलं की पंपाच्या मोटारी काढून वर आणायची सवय असते. पण एकोणीसला वर आणून ठेवलेल्या मोटारीही बुडाल्या आणि घरातले फ्रीज, मिक्सर, घरघंट्या तर होत्या तिथंच. पाणी ओसरल्यावर चिखल काढायच्या आधी माणसं रिवाइंडिंगच्या दुकानापुढं रांगेत उभी. त्या महिन्यात मास्तरांचा मुक्काम अशाच एका विद्यार्थ्याच्या दुकानात होता. स्टूल टाकून आतल्या अंगाला बसायचे.

बुडालेली मोटार बघण्यासारखी असते. झाकण काढलं की आतून नदी निघते, म्हणजे गाळ, शेवाळ, कधी एखादं शिंपलं. आधी स्वच्छ पाण्यानं धुवायची, मग मोठे बल्ब लावलेल्या खोक्यात वाळवायची, मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा. काटा वर चढला तर मोटार वाचली. चढला नाही तर आतली सगळी तांब्याची तार उपसायची. पण उपसण्याआधी वेढे मोजून लिहून ठेवायचे, तारेचा गेज बघायचा, कुठली गुंडाळी कुठल्या खाचेत जाते ते टिपायचं. हे न लिहिता तार उपसणारा माणूस मास्तरांच्या लेखी गुन्हेगार. नवी तार साच्यावर गुंडाळायची, खाचेत कागद घालून बोटांनी एकेक पदर बसवायची, दोऱ्यानं आवळायची, व्हार्निश पाजून भट्टीत भाजायची. सगळं सरळ चाललं तरी दोन-तीन दिवस, आणि दारात मोटारींचा ढीग. त्या दिवसांत दुकानातला अठरा वर्षांचा पोरगाही "साहेब" होता. बागायतदार त्याच्यासाठी भजी आणत होते. बी.ई. झालेला एक जण मोटार बगलेत मारून "दादा, माझं कधी?" म्हणत होता. दिवाळीपर्यंत तोच पोरगा पुन्हा "ए वायरमन" झाला, ते वेगळं.

त्या रांगेत ब्याण्णव टक्केवाल्याची आईही होती. घरघंटीची मोटार आधीच देऊन गेलेली, आता न्यायला आलेली. वायरमनला म्हणत होती, "दादा, आज तेवढं बगा की, पोरगं लातूरला जायचंय, दशम्या करून द्यायच्यात." आम्ही सगळे मास्तरांकडं बघायला लागलो. एवढी संधी पुन्हा कुठली मिळायला? मास्तर उठले, चष्मा वर केला आणि तिची मोटार हातात घेऊन खिडकीपाशी गेले. ती काम होऊन नुकतीच भट्टीतून बाहेर आली होती. मास्तरांनी गुंडाळीवरून बोट फिरवलं.

"दोरा ढिला हाय," ते विद्यार्थ्याला म्हणाले. "उसव."

बाईच्या दशम्या आणखी दोन दिवस लांबल्या. संधी वगैरे मास्तरांना दिसलीच नव्हती. दोरा दिसला होता.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. मास्तरांनी पंचक्रोशीत इतके कारागीर तयार केले, पण त्यांच्या घरी यायला एक तयार नसतो. प्लंबर, वायरमन, वेल्डर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले किंवा गेलेल्यांच्या हाताखालचे. मास्तरांचा फोन आला की दुकानात एकदम शांतता पसरते. मग कालच लागलेल्या, काहीच माहीत नसलेल्या पोराला पाठवतात. पोरगं जाताना हसत जातं. मास्तरांच्या गेटाची बिजागरी तुटलेली आहे. एका पोरानं ती वेल्ड केली. मास्तरांनी छोटी हातोडी घेऊन वरची पापडी टकटक करून उडवली आणि आतला खड्डा दाखवला. पोरगं घरी गेलं. दुसरं आलं. त्याचा जोड चांगला होता, पण गेट पाव इंच खाली बसलं होतं. तिसरं गेटापर्यंत आलं आणि गल्लीत कुणीतरी काहीतरी सांगितल्यावर तसंच माघारी वळलं. तेव्हापासून गेट तारेनं बांधलेलं. तारेचा पीळ मात्र बघण्यासारखा आहे.

गेल्या दिवाळीत तो सिक्स-जीवाला गावी आला होता. मास्तरांना भेटायला आला तर गेट उघडेना. त्यानं काही न बोलता मशीन मागवलं, आदल्या दोघांचं काम ग्राइंडरनं साफ केलं, ओळंबा लावला, गेटाखाली पाचर मारली आणि बिजागरी बसवली. मास्तर खुर्ची टाकून समोर बसलेले. काम झाल्यावर हातोडी घेतली, पापडी उडवली, भिंग लावून बघितलं, पट्टी लावली. गेट एका बोटानं ढकललं. ते गेलं, आलं, आणि आवाज न करता थांबलं. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालच्या अंगाला जरा..."

"सर," पोरगा म्हणाला, "सिक्स-जीचं काम पाहिजे तर सिक्स-जीचा रेट पडंल."

आणि त्यानं रेट सांगितला. गुरुदक्षिणा वगैरे भानगड न ठेवता, तासाचा, मशीनचा, रॉडचा वेगळा. पावतीवर लिहून दिला. आम्ही श्वास रोखला. मास्तरांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि आत जाऊन पैसे आणून दिले. एक रुपया कमी नाही.

त्या दिवसापासून मास्तर दहा वर्षांनी तरुण झालेत. पावती त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे. सहा इंची पट्टीच्या मागं ती खिशात असते आणि कुठल्याही बापापुढं आली की टेबलावर पडते. "बघा. एका बिजागरीचं. माझ्याकडनं घेतलंय, स्वतःच्या मास्तराकडनं! सोडलं न्हाई!" लुबाडलं गेल्याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही. इतिहास आता ते काढत नाहीत. बाबूराव पेंटर मागं पडले, छत्रेही मागं पडले. बाप पावती हातात घेतो, लांब धरतो, जवळ धरतो. खरंच विचारात पडतो.

परवा एक जण असाच विचारात पडला होता. घरी वयात आलेली दोन पोरं, थोरल्याची दहावी यंदाच. पावती उलटीसुलटी करून म्हणाला, "एवढं घेतंय व्हय एका बिजागरीचं?"

"घेतंय म्हंजे! आगाऊ सांगून घेतंय."

"चांगलंच हाय की, मास्तर." त्यानं पावती परत दिली. "मग बायको मिळाली का त्याला?"

मास्तरांनी पावती खिशात ठेवली, पट्टीच्या मागं, नीट सरळ करून.

"च्या घे," म्हणाले.